तबकडीवरची नावे

जुन्या तबकडीच्या मधोमध जेमतेम तीन इंचांचा गोल कागद चिकटवलेला असतो. त्यालाच लेबल म्हणतात. कंपनीचे नाव, तिची खूण, एक क्रमांक, गाण्याचे पहिले शब्द, गाणाऱ्याचे नाव आणि नशीब असेल तर शायराचेही नाव, एवढा मजकूर त्यावर मावतो. गाणे ऐकणारे हा कागद सहसा वाचत नाहीत. आम्ही मात्र हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा आणि सेनगाव या पाच तालुक्यांतून कव्वाली-नातीच्या तबकड्या आणि कॅसेटी जमवताना आधी हा कागदच वाचत आलो आहोत.

त्याला कारण आहे. निजामी दप्तरात जहागिरी, महसूल आणि फौजेची नोंद सापडते. उरुसात रात्रभर पेटी-ढोलकीवर गाणाऱ्या माणसाची नोंद ठेवणारे दप्तर कोणी उघडले नव्हते. रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्यांनी ती नोंद ठेवली. त्यांना इतिहासाची कळकळ नव्हती, माल विकायचा होता. पण मालावर नाव छापावे लागते आणि ते नाव आपल्यासाठी उरले. पुढे कॅसेटचा जमाना आला, दहा-बारा गाण्यांची संकलने स्वस्तात घरोघर पोहोचली आणि त्याच काळात बरीच नावे पुसली गेली. नाव कसे आले आणि कसे गेले, हे वाचकांसमोर ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू.

लाखेची तबकडी

लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग हा तंत्रज्ञ १९०२ साली कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मेणाच्या तबकडीवर उतरवून घेतले. त्या मुद्रिका जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथे रेकॉर्डी छापल्या जात. तिथल्या कामगाराला हिंदुस्थानी आवाजांत फरक कळावा कसा? म्हणून गाणे संपताच गाणाऱ्याने आपले नाव मोठ्याने सांगायचे, अशी रीत पडली असे म्हणतात. म्हणजे या धंद्यात नाव सांगणे ही पहिल्यापासूनची गरज होती. १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला आणि पुढे तो डमडमला गेला. जी लाख या तबकड्यांसाठी लागे ती आपल्याच जंगलांतली. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचे मिश्रण असल्याने तबकडी वजनाला जड आणि हातातून पडली की तिचे तुकडे.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मावत. कव्वालीच्या दृष्टीने ही मोठी अडचण. दर्ग्यातल्या महफिलीत एक मिसरा पंधरा वेळा फिरतो, मध्येच गिरह लावली जाते, कोणाला हाल आला तर त्याच ओळीवर कव्वाल थांबून राहतो. वेळ किती लागेल हे ऐकणाऱ्यांवर ठरते. तबकडीने ते मोजमाप आपल्या हाती घेतले. आलाप आखडला, गिरह गेली, शेर तीन-चार उरले. तरीही कव्वालांनी हे माध्यम स्वीकारले, कारण तबकडी जिथे जाई तिथे नाव जाई आणि नाव गेले की पुढच्या उरुसाचे बोलावणे येई.

एचएमव्हीखेरीज ओडियन, कोलंबिया, स्वस्तातले ट्विन, कलकत्त्याचे मेगाफोन आणि हिंदुस्थान, मुंबईचे यंग इंडिया अशी कितीतरी लेबले बाजारात होती. क्रमांकाआधीची अक्षरे पाहून जाणकार ओळखतो : ‘एन’ असेल तर एचएमव्ही, ‘एफटी’ असेल तर ट्विन, ‘जीई’ असेल तर कोलंबिया. कागद फाटला, शाई उडाली तरी लेबलाभोवतीच्या गुळगुळीत भागात मूळ मुद्रिकेचा क्रमांक कोरलेला असतो. त्या आकड्यांवरून रेकॉर्ड केव्हाची याचा अदमास बांधता येतो.

तबकडीने केवढे राखले आणि न राखल्याने काय गेले, याची दोन उदाहरणे आपल्या महाराष्ट्रातच आहेत. मिरजेस स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांनी रेकॉर्डिंगला होकार दिला. त्यांचा आवाज आणि त्यांनी गायिलेली मराठी नाट्यपदेसुद्धा आज कोणालाही ऐकता येतात. कोल्हापूर दरबारचे उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांनी एकही तबकडी मागे ठेवली नाही. त्यांची गायकी शिष्यांच्या गळ्यात राहिली. त्यांचा आवाज मात्र त्यांच्याबरोबर गेला. एवढ्या मोठ्या गवयाची ही गत, तर आमच्या कळमनुरीच्या उरुसात गाणाऱ्या पार्टीची काय कथा!

हिंगोलीपर्यंतचा रस्ता

हिंगोली हे निजामाच्या राज्यात छावणीचे गाव. हैदराबाद कंटिन्जंटची फौज इथे असे. विसाव्या शतकाच्या आरंभी छावणी उठली, पण बाजार टिकला. १९१२ मध्ये पूर्णा–हिंगोली रेल्वे सुरू झाली आणि हैदराबादचा माल पूर्णेमार्गे थेट इथे येऊ लागला. तबकड्यांचे रस्तेही तेच. उर्दू गाण्याच्या, नातीच्या रेकॉर्डी हैदराबादहून. मराठी नाट्यपदे आणि लावण्या मनमाडमार्गे मुंबई-पुण्याहून. हिंगोलीच्या एकाच पेटीत दोन्ही सापडतात, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी अशा तीन जिभा बोलणाऱ्या माणसाच्या संग्रहात तिन्ही असणारच.

घरी फोनो असणे ही वतनदार-वकिलांची चैन. गोरगरिबांच्या कानी रेकॉर्ड पडली ती लाऊडस्पीकरवाल्यामुळे. लग्न, संदल, उरूस, जत्रा, निवडणूक, कुठलेही कार्य असो. बैलगाडीत भोंगा, बॅटरी आणि रेकॉर्डींची पेटी घालून तो हजर. कळमनुरीला नुरी बाबांच्या दर्ग्याचा उरूस, परभणीला तुराबुल हक साहेबांचा उरूस, हिंगोलीचा दसरा, औंढ्याची महाशिवरात्र, नर्सीला नामदेवांची यात्रा, हे सगळे त्याचे हंगाम. संदलला नात लावणारा आणि यात्रेत अभंग लावणारा माणूस पुष्कळदा एकच असे. आमच्या संग्रहातल्या निम्म्याहून अधिक तबकड्या अशाच पेट्यांतून आल्या आहेत. लेबलावर दुकानाचा शिक्का, शेजारी शाईने घातलेला पेटीतला नंबर, आणि सर्वाधिक मागणी असलेल्या बाजूवर सुईने पाडलेले पांढरे चर. कोणते गाणे लोकांना प्रिय होते हे त्या चरांवरून कळते. कुठल्याही ग्रंथात ही माहिती मिळायची नाही.

हैदराबादच्या डेक्कन रेडिओने आणि १९५० नंतर त्याच्या जागी आलेल्या आकाशवाणीने यात भर घातली. हैदराबादचे अझीझ अहमद खाँ वारसी यांच्यासारख्या कव्वालांची कीर्ती मराठवाड्यात अशीच आली. १९६८ पासून परभणीला आकाशवाणी केंद्र झाले, तेव्हा रेडिओ हा आपल्याच भागाचा वाटू लागला. निवेदक गाण्याआधी गायकाचे, शायराचे नाव सांगे. न वाचता येणाऱ्यालाही त्यामुळे नावे पाठ असत.

नावाआडची नावे

आता लेबलावर छापलेले नाव खरेच असते का, हा प्रश्न. इथे इतिहास मोठा मौजेचा आणि थोडा दुखरा आहे. बंगालमध्ये मुहम्मद कासेम नावाच्या गायकाने हिंदू भक्तिगीते गायिली, ती ‘के. मल्लिक’ या नावाने विकली गेली. उलट १९३० नंतर काझी नझरुल इस्लाम यांच्या इस्लामी गीतांना अब्बासुद्दीन अहमद यांच्या आवाजात तुफान खप मिळाला, तेव्हा हिंदू गायकांनीही तशी गीते गायिली. धीरेन दास लेबलावर ‘गनी मियाँ’ झाले. लखनौचे तलत महमूद कलकत्त्यात बंगाली गीते गात, ती ‘तपनकुमार’ या नावाने. गिऱ्हाइकाला ज्या धर्माचे गाणे त्याच धर्माचे नाव हवे, असा कंपन्यांचा हिशेब. गाणाऱ्यांच्या गळ्याला मात्र तसा हिशेब ठाऊक नव्हता. ‘महल’ (१९४९) मधल्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर तर लता मंगेशकरांऐवजी ‘कामिनी’ असे पडद्यावरच्या पात्राचे नाव छापले गेले होते.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. युरोबीट नावाच्या नाचाच्या संगीताचे उदाहरण घ्यावे. हे संगीत तयार होते इटलीत, टाइम, ए-बीट-सी अशा छोट्या लेबलांच्या स्टुडिओंत. आणि त्याचे गिऱ्हाईक जपानमध्ये. अ‍ॅव्हेक्स या जपानी कंपनीने ‘सुपर युरोबीट’ ही संकलनांची मालिका १९९० पासून काढली आणि २०१८ पर्यंत तिचे २५० भाग निघाले. या तबकड्यांवर गायकांची इंग्रजी वळणाची नाना नावे दिसतात, पण त्यांच्याआड गाणारी माणसे थोडीच. एकच इटालियन गायिका चार-पाच नावांनी गाते आणि एकाच नावाने दोघी-तिघी गातात. तिथले संग्राहक वर्षानुवर्षे हेच काम करतात : कोणत्या भागात कोणत्या लेबलाचे गाणे, आणि नावामागे कोण. त्यांची चिकाटी पाहून आम्हाला आपले काम परके वाटेनासे झाले. गाणे नाचाचे असो की नातीचे, मजुरी करणाऱ्या गळ्याला त्याचे नाव परत मिळवून देणे हाच संग्रहाचा धर्म.

मुंबईची कव्वाली

स्वातंत्र्यानंतर कव्वालीचे बाजारी केंद्र मुंबई झाले. ‘अल हिलाल’ (१९५८) चित्रपटात इस्माईल आझाद यांनी गायिलेली कव्वाली गावोगावच्या भोंग्यांवर वाजली. तिचे शब्द शेवन रिझवींचे, चाल बुलो सी. रानी यांची. आझादांच्या पार्टीत तयार झालेले, मुंबईच्या मलबारी घराण्यातले अझीझ नाझाँ (१९३८–१९९२) यांनी ‘फाइव्ह रायफल्स’ (१९७४) च्या काळात कव्वाली तरुण पोरांच्या तोंडी नेली. युसूफ आझाद, जानीबाबू, आणि स्टेजवर पुरुषांशी बरोबरीने मुकाबला करणाऱ्या शकीला बानो भोपाली (मृत्यू २००२) यांच्या लाँगप्ले रेकॉर्डी निघाल्या. विनाइलच्या या तबकडीवर एका बाजूस वीस मिनिटे मिळत. गिरह परत आली, सवाल-जवाब आले. लेबलावरची अक्षरेही बदलली : ‘ईसीएलपी’, नंतर स्टिरिओसाठी ‘ईसीएसडी’. पॉलिडॉरसारख्या नव्या कंपनीने एचएमव्हीला टक्कर दिली. जाड पुठ्ठ्याच्या वेष्टणामुळे आता पाठीमागे माहिती छापायला जागा होती, आणि पार्टीतल्या साथीदारांची नावेही क्वचित तिथे वाचायला मिळतात.

कव्वाली ही केवळ मुसलमानांची, असे समजणाऱ्यांनी या काळाच्या रेकॉर्डी जरूर पाहाव्यात. विठ्ठलाच्या गीतांनी घराघरांत पोहोचलेले प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांनी उमेदवारीच्या दिवसांत इस्माईल आझादांच्या पार्टीत कोरस केला, असे सांगतात. त्यांनी भीमगीते गायिली, भक्तिगीते गायिली आणि कव्वाल्याही गायिल्या. विठ्ठल उमप यांनीही कव्वालीचा बाज आपलासा केला. मराठवाड्यात भीमजयंतीला कव्वालीचे मुकाबले रंगत आले आहेत; तीच पेटी, तीच टाळी, तोच बेंजो, शब्द तेवढे मराठी आणि बाबासाहेबांचे. दर्ग्याच्या अंगणातले गाणे बौद्धवाड्याच्या स्टेजवर गेले आणि तिथून मराठीत मुरले. भाषणांत सांगितल्या जाणाऱ्या सलोख्यापेक्षा लेबलावर छापलेला हा पुरावा अधिक बोलका आहे, असे आम्हाला वाटते.

कॅसेट आली, नाव गेले

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट आणली, पण आपल्याकडे तिचा पूर आला तो १९८० नंतर. आखाती देशांत कामाला गेलेल्यांनी टू-इन-वन आणले आणि छोट्या गावातही घरोघर कॅसेट वाजू लागली. १९८३ मध्ये गुलशनकुमार यांनी टी-सिरीजची सुरुवात केली. कमी किंमत आणि किराणा-पानपट्टीपर्यंत पोहोचलेली विक्री यांच्या जोरावर त्यांनी जुन्या कंपनीची मक्तेदारी मोडून काढली. व्हीनस, टिप्स आणि गल्लीबोळांतल्या शेकडो लेबलांनी तोच कित्ता गिरवला. याचे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. ज्यांना लाँगप्ले कधी परवडली नाही, त्यांच्या घरी कव्वाली आणि नात आली. छोट्या गावच्या कव्वालालाही आपली कॅसेट काढता आली. नागपूरच्या कव्वाल आई-वडिलांचा मुलगा अल्ताफ राजा १९९७ च्या सुमारास व्हीनसच्या एका कॅसेटने देशभर गाजला, तोही याच लाटेत.

पण स्वस्ताईची किंमत कोणीतरी मोजतोच. ती नावांनी मोजली. गाजलेली गाणी दुसऱ्या गायकांकडून गाऊन घेऊन विकण्याला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, नोटीस आणि मानधन देण्याच्या अटीवर, सवलत होती. तिचा भरपूर वापर झाला. (२०१२ च्या दुरुस्तीने मूळ रेकॉर्डनंतर पाच वर्षे अशी नक्कल काढता येत नाही.) मग आली संकलने. वेष्टणावर दर्ग्याचा घुमट, हिरवा रंग, चंद्र-तारा. आत आठ-दहा कव्वाल्या. आमच्याकडच्या अशा बहुतेक कॅसेटींवर गाण्यांची यादी आहे, कंपनीचे नाव ठळक आहे, गायकांच्या रकान्यात दोन नावे आणि पुढे ‘इतर’. शायराला तर जागाच नाही. इस्माईल आझादांची कव्वाली कितीतरी वेळा पुन्हा गायिली गेली, पण शेवन रिझवी हे नाव किती जणांना आठवते?

वेष्टणाचा कागद हरवला की उरलेली ओळखही जाते. साठ मिनिटांची कॅसेट घरी दोन-तीनदा पुसून पुन्हा भरली जाई, हे वेगळेच. स्थानिक पार्टीच्या कॅसेटींची दशा तर सर्वांत वाईट. त्यांवर क्रमांक नाही, साल नाही. छायाचित्रात जरीची टोपी घातलेला तरुण आणि खाली आता बंद पडलेला दूरध्वनी क्रमांक. पुढे सीडी, मग मोबाइलचे मेमरी कार्ड. दुकानदार एका झटक्यात पाचशे गाणी भरून देई आणि फाइलीचे नाव असे ‘कव्वाली १’, ‘कव्वाली २’. गाणे उरले, माणूस गेला.

करायचे काय?

गाणे-बजावणे जायज की नाजायज, हा वाद आपल्याकडे जुना आहे. तो उलेमांनी आणि सूफियांनी शतकानुशतके घातला आणि आम्ही त्यात नव्याने भर घालू इच्छित नाही. पण ज्यांना हे गाणे ऐकायचे नाही त्यांनाही आपल्या आजोबांच्या पिढीत ते कोण गात होते, एवढे माहीत असायला हरकत नसावी. सनद आणि शजरा जपणारा आपला समाज आहे. कोणी कोणाकडून ऐकले हे नाव घेऊन सांगायची आपली परंपरा. गाण्याच्या बाबतीतच आपण एवढे बेफिकीर का असावे?

हे काम एकट्या-दुकट्याचे नाही. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था निघाली आणि सुरेश चांदवणकर यांच्यासारख्यांनी तबकड्यांची नोंद हे शास्त्र म्हणून मराठी वाचकांपुढे मांडले. मराठवाड्यातल्या कव्वाली-नातीची अशी यादी मात्र आपल्यालाच करावी लागेल. तिला पैसा फारसा लागत नाही. एक वही पुरे. लेबल, क्रमांक, दोन्ही बाजूंची गाणी, गायक, शायर, कोणाकडून मिळाली आणि ती पेटी कोणत्या गावात वाजत होती, असे रकाने पाडावेत. लेबलाचे आणि कॅसेटच्या वेष्टणाचे छायाचित्र मोबाइलवर काढून ठेवावे. लाखेची तबकडी स्पिरिटने मुळीच पुसू नये, लाख विरघळते. तबकड्या एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात. कॅसेट बरीच वर्षे पडून असेल तर वाजवण्याआधी हलक्या हाताने एकदा पूर्ण फिरवून घ्यावी, आणि वाजली की त्याच वेळी तिची प्रत करून घ्यावी. तिला दुसरी संधी मिळेलच असे नाही.

कायद्याचीही थोडी मदत आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. म्हणजे १९५८ सालची रेकॉर्ड २०१९ च्या आरंभी मोकळी झाली. शब्द आणि चाल यांवरचा हक्क मात्र शायर व संगीतकाराच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो, तेव्हा शायर कोण हे कळल्याशिवाय तो हिशेबही लागत नाही. पुन्हा गाडी नावापाशीच येते. एचएमव्हीचे नाव २००० साली सारेगामा झाले, पॉलिडॉरचा वारसा युनिव्हर्सलकडे गेला. कंपन्या नावे बदलतात, विकल्या जातात, तरी त्यांची मालकी कागदोपत्री शाबूत राहते. ज्यांनी गायिले त्यांच्याकडे तसा कागद नाही. त्यांचा कागद म्हणजे तेच तीन इंची लेबल.

हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. जिल्हा तरुण आहे, पण त्याच्या माळ्यांवरच्या पेट्या जुन्या आहेत. पत्रे गळतात, उंदीर वेष्टणे कुरतडतात, घर बांधायला काढले की भंगारवाला किलोने नेतो. आपल्या घरात अशी एखादी पेटी असेल तर भंगारवाल्याच्या आधी एक वही काढावी आणि पहिल्या ओळीत गाणाऱ्याचे नाव लिहावे. ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहायचे आहे, आणि सांगू शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.